थोरलीचा गुडघा

चिठ्ठ्या टाकून औषध देतात हे ऐकलं आणि थोरलीच्या कपाळाला आठी पडली.

"म्हणजे कोणाला खरं आणि कोणाला खोटं, हे तुम्हालासुद्धा माहीत नसतं?" तिने विचारलं.

"नसतं," संशोधनाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "कॉम्प्युटर ठरवतो. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी साधी गोळी. तिच्यात औषधच नाही. मला आधी कळलं तर खरी गोळी घेणाऱ्यांचे गुडघे मला उगाच बरे दिसायला लागतील. तुम्हाला कळलं तर तुम्हालाही तसंच वाटेल. म्हणून शेवटपर्यंत कोणालाच कळू द्यायचं नाही."

थोरली निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर परीक्षेच्या वर्गात फिरून तिने बाह्यांमधल्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. बायका तिला रस्त्यात भेटल्या तरी पदर सावरायच्या. ज्या कारभारात कोणालाच काही माहीत नाही तो कारभार तिला कसा पटावा? शेजारच्या खुर्चीवर तिची धाकटी जाऊ बसली होती. ती मात्र मान डोलवत होती. धाकटीचा जन्म गेला पायाच्या शिलाई मशीनवर, लोकांचे कपडे शिवण्यात. तिला कोणी समजावून सांगितलं की ती मान डोलवते, मग समजो न समजो.

दोघींचे गुडघे एकदमच कामातून गेले होते. हाडांचे सर्जन म्हणाले होते, सांधा बदलायचाच आहे, पण त्याआधी नव्या गोळीचा अभ्यास चाललाय तो बघा, लागू पडली तर सुरी काही वर्षं लांबेल. म्हणून एका घरातल्या दोन जावा एकमेकींना धरून त्या इमारतीत आल्या होत्या. तिथे दारोदार अभ्यासच. एका दारावर डोळ्यांच्या थेंबांचा, पुढच्यावर हर्नियाच्या जाळीचा, त्यापुढे हृदयाच्या झडपेचा. गुडघ्यांचं दार सगळ्यात शेवटी, म्हणजे ज्यांना चालवत नाही त्यांनी सगळ्यात जास्त चालायचं.

"एकाच घरातल्या आहात, म्हणून मुद्दाम बजावते," डॉक्टरबाई निघताना म्हणाल्या. "आपली बाटली आपण. कितीही प्रेम असलं तरी देवाणघेवाण नाही."

"आमच्यात तसलं काही होत नाही," थोरली म्हणाली.

आणि ते खरंच होतं. नवरा गेल्यावर थोरली खालच्या खोलीत राहायची, दीर आणि धाकटी वर. स्वयंपाकघर एक. भांडण कधी नाही, कारण भांडायला दोघी लागतात आणि धाकटी भांडतच नसे. "ताई म्हणतात ना, मग तसंच," एवढ्यावर तिचा संसार चालला होता. थोरलीला याची इतकी सवय झाली होती की त्यात धाकटीचं काही मोठेपण असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

पहिल्या महिन्यातच थोरलीने जाहीर करून टाकलं. चहा पिताना दिराने सहज विचारलं, "काय वहिनी, फरक?" तिने तोऱ्यात सांगितलं, "फरक म्हणजे काय! माझीच खरी असणार." फरक काडीचा नव्हता. रात्री कूस बदलताना गुडघा करकरत होता. पण थोरलीच्या वाट्याला खोटी गोळी आणि धाकटीच्या वाट्याला खरी, हे तिला स्वतःच्या तोंडाने म्हणवत नव्हतं.

"माझी खोटीच असेल," धाकटी हसून म्हणाली. "व्यायाम करते म्हणून थोडं हलकं वाटतंय."

थोडं? थोरलीला डोळे होते. ही बाई भरलेली बादली घेऊन जिना चढत होती, आणि वर गुणगुणत होती! शेजारीणसुद्धा एक दिवस म्हणाली, "धाकट्या बाई किती भरभर चालायला लागल्या हो." हातच्या कांकणाला आरसा कशाला? कॉम्प्युटरने खरी गोळी हिलाच दिली होती. जिने कधी काही मागितलं नाही तिला सगळं मिळतं, आणि आपण मात्र पायऱ्या मोजत बसायचं.

पुढच्या बाटल्या आल्या त्या दुपारी धाकटी वर आडवी झाली होती. थोरलीने जेवणाच्या टेबलावर दोन वाट्या मांडल्या, एकीत आपल्या गोळ्या, दुसरीत धाकटीच्या, आणि आपल्या तिच्या बाटलीत, तिच्या आपल्या बाटलीत भरल्या. परीक्षेत कॉपी करणारी पोरं पकडली की ती नेहमी म्हणायची, चोराला वाटतं आपल्याला कोणी पाहत नाही. त्या दुपारी तिला ते वाक्य आठवलंसुद्धा नाही. त्यानंतर नव्या बाटल्या आल्या की ती अदलाबदल करायची.

आणि चमत्कार झाला. पंधरवड्यात थोरलीचा गुडघा वळायला लागला. ती बाजारात जाऊन आली. माळ्यावरचा डबा स्टुलावर चढून काढला. मनाला जरा टोचलं, नाही असं नाही, पण टोचणी आणि गुडघा यांत गुडघ्याचं जास्त ऐकू येतं. "मी म्हटलं नव्हतं?" ती दिराला म्हणाली. धाकटी तिच्याकडे बघून हसली, जरा जास्तच मायेने. थोरलीला ते हसू आवडलं नाही.

मग एका सकाळी धाकटीला चहा नकोसा झाला. अन्नावरची वासना गेली. दर महिन्याचं रक्त तपासायला गेली तेव्हा डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि घरी सोडलंच नाही. डोळे पिवळे झाले होते. लिव्हर सुजलं होतं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर थोरली आणि दीर बसले होते. डॉक्टरबाई आल्या, त्यांच्या शेजारी लिव्हरचे डॉक्टर.

"खऱ्या गोळीने क्वचित कोणाचं लिव्हर बिघडतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून तर आपण दर महिन्याला रक्त घेत होतो. असं काही झालं की कोणाला काय दिलंय ते गुपित उघडायची परवानगी असते. आम्ही उघडलं. त्यांची गोळी साधी आहे. औषध नाहीच त्यात. त्यांना मात्र सांगू नका, बाकीचा अभ्यास चालू आहे."

"म्हणजे गोळीचा संबंध नाही," लिव्हरचे डॉक्टर म्हणाले. "दुसरं कारण शोधावं लागेल. उद्या सकाळी बरगड्यांखालून सुई घालून लिव्हरचा छोटा तुकडा काढू. रक्तस्राव व्हायची थोडी भीती असते, पण कारण कळल्याशिवाय उपचार करणार कसा?"

दीर भिंतीला टेकला. थोरलीच्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. धाकटीला मिळाली होती ती साधी गोळी. खरी आपल्याला मिळाली होती. आणि आपण ती आपल्या हाताने तिच्या बाटलीत भरली.

सांग, ती स्वतःला म्हणाली. आत्ता सांग. तोंड उघडलं, आणि दिराकडे लक्ष गेलं. हा माणूस लहान असताना थोरलीने त्याचा गृहपाठ घेतला होता, त्याच्या लग्नात मिरवली होती. त्याच्यासमोर काय म्हणायचं? भावजी, मी तुमच्या बायकोच्या गोळ्या चोरल्या? डॉक्टर गेले. ती मनाशी म्हणाली, आता दवाखान्यात आहे, गोळी बंदच झाली असेल, आपोआप उतरेल. पण आपण स्वतःलाच थापा मारतोय, हे तिला कळत होतं. आयुष्यभर लेकरांच्या अशाच थापा तिने ऐकल्या होत्या, आणि एकही खपवून घेतली नव्हती.

दुपारी ती वॉर्डात गेली. धाकटी उशीला टेकून बसली होती, चेहरा हळदीसारखा. दोन घास जेवली होती. दीर पायथ्याशी उभा. सुईसाठी सही घ्यायला डॉक्टरबाईही आल्या होत्या. धाकटीने उशाच्या पिशवीत हात घातला, बाटली काढली आणि गोळी तळहातावर घेतली. खोटी गोळी बंद करा असं सांगायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

"अगं, नको!" थोरलीने तिच्या हातावर झडप घातली. गोळी फरशीवर उडाली.

"ती खोटी नाही," थोरली म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "ती माझी आहे. मी अदलाबदल केली. दोन महिने झाले. तिच्या बाटलीत माझ्या आहेत."

डॉक्टरबाईंनी एक क्षण डोळे मिटले. मग त्या भराभर कामाला लागल्या. बाटली ताब्यात घेतली, फोन केला, उद्याची सुई रद्द करायला सांगितली. "कारण मिळालं," त्या म्हणाल्या. "गोळी आत्तापासून बंद. बहुतेक उतरेल हे, आणखी महिनाभर घेतली असती तर मात्र अवघड होतं." मग थोरलीकडे वळल्या. ती मान खाली घालून बोलणी खायला उभी होती. बोलणी हवीच होती तिला. पण डॉक्टरबाईंचा आवाज मऊ झाला. "तुम्हाला वाटलं, आपली खरी आहे, ती हिला द्यावी. होय ना? असं प्रेमापोटी करणारे आम्हाला भेटतात. पण म्हणूनच आम्ही नको म्हणतो. तुमचा दोघींचा अभ्यास इथेच संपला."

"मला माहीत होतं, ताई," धाकटी हळूच म्हणाली.

थोरलीने वर पाहिलं.

"पहिल्याच दिवशी दिसलात. मी पाणी प्यायला खाली येत होते, जिन्यावरूनच परत फिरले. तुम्ही म्हणायचात ना, माझीच खरी आहे. आणि तुम्ही आपली खरी काढून माझ्या बाटलीत घालत होतात." तिचे पिवळे डोळे भरून आले. "कोणी सख्खी बहीणसुद्धा करत नाही असं. मी कोणाला बोलले नाही, म्हटलं, तुमचं नाव काढून टाकतील. आणि तोंडचं काढून दिलेलं वाया कसं घालवायचं? म्हणून तोंड कडू झालं तरी एक गोळी चुकवली नाही."

दीर पुढे आला आणि वाकून थोरलीच्या पाया पडला. भर वॉर्डात. शेजारच्या खाटेवरची बाई कौतुकाने बघत होती.

धरणीने पोटात घ्यावं, असं लोक म्हणतात. थोरलीला धरणी नको होती, नुसती भिंत चालली असती, तोंड लपवायला. गप्प राहिलं की सुटलो. झाकली मूठ. डॉक्टरबाईंनी स्वतःच कारण शोधून दिलं होतं, दिराने पाय धरले होते, धाकटी जन्मभर ऋणी राहिली असती. थोरलीने पाय मागे घेतले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी समजलं.

"उठा भावजी," ती म्हणाली. "पाया पडू नका. मी दिली नाही हिला. मी हिची घेतली."

दीर उठून उभा राहिला.

"मला काही फरक पडत नव्हता. थाप मारत होते मी. हिचा गुडघा बरा व्हायला लागला, ते मला बघवलं नाही. वाटलं, हिचीच खरी आहे. म्हणून हिची मी घेतली, आणि माझी, मला निरुपयोगी वाटणारी, हिच्या बाटलीत टाकली." ती धाकटीकडे बघून बोलत होती, कारण आता दुसरीकडे बघणं आणखी वाईट होतं. "लाज वाटते गं मला."

धाकटीचा हात अजून थोरलीच्या हातात होता. तो तिने सोडवून घेतला, घाई न करता, आणि चादरीखाली नेला. मग तिने विचारलं, "मग तुमचा गुडघा? खरंच दुखायचा राहिला?"

थोरलीला खोटं बोलायचं होतं. नाही म्हणावं, अजून मरणाचा दुखतो म्हणावं, तेवढी तरी शिक्षा झालेली दिसू द्यावी. पण आता खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"राहिला," ती म्हणाली.

"साध्या गोळीने?"

"हो."

"मग जा घरी," धाकटी म्हणाली. इतक्या वर्षांत तिने थोरलीला जा म्हणून कधी म्हटलं नव्हतं, आणि मागे ताई लावल्याशिवाय तर काहीच म्हटलं नव्हतं. "चालत जा."

दीर रिक्षा बघतो म्हणाला, सवयीने, आणि मग धाकटीकडे पाहून जागीच थांबला. थोरली निघाली. लिफ्टपाशी थांबली नाही, जिन्याने उतरली. बाहेर ऊन होतं, रस्ता चढाचा, आणि घर लांब. फळांच्या गाड्या, पेशंटचे नातेवाईक, सगळे तिला ओलांडून जात होते, आणि तिला वाटत होतं, यांना सगळ्यांना माहीत आहे. ती मुद्दाम भरभर चालली. चढावर पाय मुद्दाम आपटून टाकला. आता दुखेल, आता तरी दुखेल, म्हणून प्रत्येक पावलाला वाट बघत राहिली. घर आलं, तरी गुडघा दुखला नाही.