रडतंय, पण पाणी नाही

मी घरी इंग्रजीची शिकवणी घेते. 'डिहायड्रेटेड' हा शब्द तर मी पोरांकडून घोकून घेतलाय. अर्थ : अंगातलं पाणी कमी झालेला. वाक्यात उपयोग : 'खेळाडू उन्हात डिहायड्रेटेड झाला.' चुकलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. पोरं मला उगाच तोफ म्हणत नाहीत.

त्या दुपारी भाचीचं तान्हं माझ्या मांडीवर होतं. सकाळपासून जुलाब, उलट्या. चमच्याने पाजलेलं साखर-मिठाचं पाणीसुद्धा पोटात ठरेना. जावई कामासाठी परगावी. भाचीने डॉक्टरीणबाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"बाळ डिहायड्रेटेड झालं असेल," बाई म्हणाल्या. "रडताना डोळ्यांत पाणी येतंय का बघा. येत नसेल तर अजिबात थांबू नका, लगेच घेऊन या."

फोन ठेवून भाचीने माझ्याकडे पाहिलं. "आत्या, म्हणजे नक्की काय झालंय गं त्याला?"

अर्थ मला तोंडपाठ होता. वाक्यात खेळाडू होता तोवर ठीक होतं हो, आता आमचं पोर होतं.

"पाणी कमी पडलंय जरा," मी कसंबसं म्हटलं. जाम घाबरले होते मी.

पोर रडत होतं, पण आवाज पार बसला होता. भाची त्याच्यावर वाकली. "रड रे माझ्या राजा, नीट रड!" कुठली आई अशी विनवणी करते? आणि एकदम ओरडलीच, "आत्या, आलं! गालावर पाणी आलं बघ!"

तिचा चेहरा असा उजळला की मलाही वाटलं, सुटलो बाई एकदाचे. तेवढ्यात दुसरा थेंब पडला. तिच्या हनुवटीवरून.

तिला सांगायला माझी जीभ रेटेना. पण गप्प बसून चालणार होतं का?

"अगं वेडे, ते पाणी तुझं आहे," मी म्हटलं. "त्याचे डोळे कोरडे ठणठणीत आहेत. ऊठ, चप्पल घाल."

दवाखान्यात गेल्या गेल्या सलाईन लावलं. बाटलीतला थेंब न् थेंब आम्ही डोळ्यांनी ओढत बसलो. बऱ्याच वेळाने पोराला हातातल्या सुईचा राग आला आणि त्याने असं भोकाड पसरलं की शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठले. गालांवरून नुसत्या धारा.

भाची रुमाल घेऊन पुसायला धावली. मी तिचा हात धरला.

"राहू दे गं," मी म्हटलं. "वाहू दे."