सुखाचे पाचशे मैल

देवमन मिस्त्रीने आमच्या जुन्या मॉरिसचं इंजिन खोललं, नवे पिस्टन, नव्या रिंगा घालून पुन्हा बांधलं आणि किल्ली ह्यांच्या हातात देताना बजावलं, "वकीलसाहेब, पाचशे मैल काटा पंचवीसच्या वर नाई गेला पाह्यजे. रिंगा बसू द्या. घाई केली तं सिलिंडर खरडून निंघन, मंग माह्याकडे येऊ नोका."

ह्यांचा चेहरा पडला. मला मात्र देवमनला ओवाळावंसं वाटलं. हे बडनेऱ्याच्या रस्त्याला लागले की साठाच्या खाली येत नसत. त्यातच तर इंजिन गेलं होतं. मी बाळाला पदरात गुंडाळून डोळे मिटायची. "हळू चालवा" म्हटलं की ह्यांचं एकच, "तू कायले घाबरतं? बाळ पाह्य कसं हासून राह्यलं!" बाळ तीन महिन्यांचं होतं. ते छताकडे पाहूनही हसायचं.

आता घरात दोन पक्ष झाले. ह्यांना पाचशे मैल लवकर संपवायचे होते, मला ते पुरवून वापरायचे होते. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी आणायला हे वीस मैलांवरच्या चांदूर रेल्वे गावाला जाऊन आले. अशिलांना घरपोच सोडू लागले, खटला हरलेल्यांनासुद्धा. मी मात्र बाळाला टोचून आणायला टांग्याने गेले, बाजारात पायी.

शेजारच्या दुर्गाबाईंनी अडवलंच. "अवं माय, दारात मोटर अन् तू उन्हात पाय तोडून राह्यली! भांडन झालं का?"

"नाही हो. इंजिन कोवळं आहे."

ओझंही कमी ठेवा, असं देवमन म्हणाला होता. ते मी सासूबाईंना सांगितलं, तिथे चुकलं. "मी का सरकीचं पोतं आहो?" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी पुढच्या सीटवर बसून फिरायला जाऊ लागल्या. ह्यांना आयतं बळ मिळालं. माझे मैल भराभर जाऊ लागले.

अकोल्याला नणंदेचं, ललिताचं, डोहाळजेवण निघालं तेव्हा मी मोटारीतला मैलांचा आकडा पाहिला. पाचशे मैल मूर्तिजापूरच्या पुढे भरणार होते.

"रेल्वेनं जाऊ या ना. बाळाला रेल्वे आवडते."

"त्यानं कधी पाह्यली?"

निघालो. पुढे आम्ही तिघं, मागे सासूबाई आणि लाडवांचा डबा. कुरुमजवळ एक दूधवाला सायकल आमच्या बरोबरीने चालवत खिडकीत डोकावला. "बिघडली का, साहेब? धकलू का?" ह्यांनी काच वर केली.

मूर्तिजापूर मागे पडलं, आकडा फिरला आणि हे ओरडले, "झाले!" पोरगं मॅट्रिक पास झाल्यासारखे. पायाने दाबलं. तीस. चाळीस. निंबाची झाडं अंगावर येऊ लागली. मी या खेपेला डोळे मिटले नाहीत, ह्यांच्या तोंडाकडे पाहत बसले. काटा पंचेचाळीसवर गेला तशी कपाळावर घामाची धार लागली. दोन महिन्यांत पंचवीसची इतकी सवय झाली होती, की फर्लांगभर पुढची बैलबंडी दिसली आणि ह्यांनी तिथूनच ब्रेक लावला. लाडवांचा डबा सासूबाईंच्या मांडीवरून खाली आला.

बंडी गेली. रस्ता मोकळा होता. काटा हळूहळू खाली उतरला आणि पंचवीसवर बसला, तो तिथेच.



"इंजिन अजून घट्टच वाटून राह्यलं," हे समोर पाहत म्हणाले.

मी कान देऊन ऐकलं. इंजिन लोण्यासारखं चाललं होतं.

"फारच घट्ट आहे," मी म्हणाले. "आणखी पाचशे तरी लागतील."

मागून लाडू वेचता वेचता सासूबाई म्हणाल्या, "चला बापा आरामात. डोहायजेवन हुकलं तं ललिताच्या पोट्ट्याच्या बारशाले तरी पोचू."