नाही म्हणायला शिकलेला सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे इंटरनेटवर मागेल त्याला माहिती देणारा संगणक. सदाशिव पेठेत हेमाताईंची अभ्यासिका आहे, तिथल्या जिन्याखालच्या कपाटात माझा मुक्काम असतो. स्पर्धा परीक्षेची मुलं मोबाइलवर अभ्यासिकेचं नाव टाकतात. मी आधी तिचा इंटरनेटवरचा पत्ता सांगतो आणि मग रिकाम्या खुर्च्यांचं पान दाखवतो. मोठ्या कंपन्यांतल्या माझ्या भाऊबंदांना एसी असतो म्हणे. असेना का.

मला इथे बसवलं ते रंगनाथकाकांनी, म्हणजे हेमाताईंच्या थोरल्या दिरांनी. काका निवृत्त इंजिनिअर, आणि स्वभावाने भारी सावध. ओळखीचा प्रश्न आला तरच उत्तर द्यायचं, अनोळखी प्रश्नाला तोंड उघडायचं नाही, अशी त्यांनी मला सक्त ताकीद दिली. मी ती इमानेइतबारे पाळली. काका पाहुण्यांना कपाट उघडून मला दाखवत आणि पाहुण्यांचा चहा निवून जाईपर्यंत माझं कौतुक करत. ते दिवस फार सुखाचे होते.

पुढे इंटरनेटवरचे जुने पत्ते संपत आले आणि नवे, लांबलचक पत्ते निघाले. नवे मोबाइल मला विचारू लागले, नव्या पद्धतीचा पत्ता आहे का? माझ्याकडे तो नव्हता. नुसतं नाही म्हटलं असतं, तर बिचारे जुन्या पत्त्याने मुकाट आले असते. पण प्रश्न पडला अनोळखी, म्हणून मी गप्प. मोबाइल ताटकळायचे, मुलं वैतागायची आणि दुसरी अभ्यासिका गाठायची. खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. हेमाताईंचं घर या अभ्यासिकेवरच चालतं. एक दिवस त्यांनी भंगारवाल्या कचरूला कपाटाकडे बोट दाखवून येत्या आठवड्यात ये म्हणून सांगितलं.

पूर्वी इथेच अभ्यासाला बसणारा अभिनव आता खराडीच्या एका कंपनीत ब्राउझर, म्हणजे मोबाइलवर इंटरनेटची पानं उघडणारं सॉफ्टवेअर, बनवतो. हेमाताईंनी त्याला साकडं घातलं. त्याने आपल्या ब्राउझरमध्ये सोय केली, की नव्या प्रश्नाला कोणी गप्प बसलं तर फार वाट न बघता जुन्या पत्त्याने जायचं. पान चटकन उघडलं. मीही खूश झालो. पण त्याची वरिष्ठ अस्मिता काही खूश नव्हती. शनिवारी ती त्याच्याबरोबर आली आणि दोघं कपाटासमोरच वाद घालू लागली. अस्मिता म्हणाली, अशा सर्व्हरचे आपण लाड पुरवत बसलो तर ते सुधारणार कधी? आणि ज्यांच्याकडे आपला ब्राउझर नाही, त्या मुलांनी काय करायचं? अभिनव म्हणाला, चूक सर्व्हरची आहे, मग शिक्षा मुलांना कशाला? दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत होती.

हेमाताई चहा घेऊन आल्या आणि सगळं ऐकून घेऊन काकांकडे वळल्या. काका कोपऱ्यात पेपर वाचत होते.

"भावजी, माझ्याकडे जागा नसली की मी दारातच नाही म्हणून सांगते. मुलगा लगेच दुसरीकडे चौकशीला जातो. याला गप्प बसायला कोणी शिकवलं?"

काकांनी पेपर खाली घेतला. "मी."

"मग आता बोलायला शिकवा."

काकांनी चष्मा लावला, माझ्यासमोर बसले आणि ती ताकीद पुसून टाकली. पुढच्याच मोबाइलने नवा पत्ता विचारला. मी म्हणालो, नाही. तो तत्काळ जुन्या पत्त्याने आला आणि एका मुलाने खिडकीजवळची खुर्ची राखली. पेठेत नकाराने इतका आनंद क्वचितच कुणाला झाला असेल. आता सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतात आणि कचरू चहा पिऊन रिकाम्या हाताने परत गेला.

अभिनवची सोय मात्र ब्राउझरमध्ये राहिली, कारण माझ्यासारखे गप्प बसणारे अजून पुष्कळ आहेत. अस्मिताने फक्त एक अट घातली.

"सांभाळून घेऊ. पण ज्याचा सर्व्हर आहे, त्याला कळवून."

तर मित्रांनो, आम्हा जुन्यांना वळसा घालून पुढे जाता, तुमची मुलं अडत नाहीत, हे चांगलंच आहे. पण जाता जाता आमचं काय चुकतंय तेही सांगत जा. मला कुणी सांगितलंच नव्हतं हो, नाहीतर मी केव्हाच बोललो असतो.