काटेसाहेबांचं घर विकायचं आहे

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं वजनमापं तपासायच्या सरकारी नोकरीत त्यांनी दुकानदारांचे खोटे काटे पकडले, तेव्हा बाजारानेच चिकटवलेलं ते नाव. पारड्याखाली डकवलेलं शिसं त्यांना म्हणे दुकानाच्या दारातूनच दिसायचं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. साबणाची वडीसुद्धा घरी आणून पुन्हा वजन करणारा हा माणूस. असा माणूस घर विकायला काढतो म्हटल्यावर काय होणार, सांगा.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या बावन्न. विकायचं कारण एकच आणि ते खरं होतं: बाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. काटेसाहेबांच्या बाई म्हणजे साधं प्रकरण नव्हे. शहरातल्या निम्म्या बायकांना मोटार चालवायला त्यांनी शिकवलेलं. सकाळी सातला बाहेर पडायच्या, त्या दिवेलागणीला परत. आता गुडघ्यांनी दगा दिला आणि सात महिने त्या वरच अडकल्या होत्या. मध्ये दोनदा डॉक्टरकडे न्यायला खुर्चीत बसवून उतरवलं, तेवढाच काय तो रस्ता पाहिलेला. दोन गल्ल्या पलीकडचं तळमजल्यावरचं एक घर त्यांनी फोटोवरून पसंत केलं होतं. गाडीत बसून नाही तर नाही, निदान रस्त्याच्या नियमांचा वर्ग तरी तिथे घेता आला असता. त्या घराचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता, पुढे एक दिवस नाही. म्हणजे उरले नऊ दिवस, आणि यांचं घर काही विकलं जाईना.

पाच महिने साहेबांनी एकट्याने खटपट केली. अकरा गिऱ्हाइकं आली आणि जिना उतरून गेली ती गेलीच. हल्लीच्या लोकांना घराची पारखच नाही, हा साहेबांचा निष्कर्ष. शेवटी बाईंनी कोणालाही न विचारता एजंटला फोन लावला.

एजंट चाळिशीचा, हडकुळा, आणि बोलायला इतका कंजूष की साहेबांच्या मनात पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली. बडबड्या दलाल परवडला, तो काय लपवतोय ते निदान त्याच्याच तोंडून कळतं. हा आला, घरभर फिरला, नळ सोडून पाहिले, भिंतींना हात लावला आणि तीन गोष्टी मागितल्या. एक, किल्ली. दोन, आधीच्या अकरा गिऱ्हाइकांचे नंबर. आणि तीन, गिऱ्हाईक घर बघत असेल तेव्हा साहेबांनी घरात थांबायचं नाही.

साहेबांना घाम फुटायचा बाकी राहिला. माझ्याच घरात मी नको? मग माझ्या पाठीमागे काय शिजणार आहे? नंबर तर त्यांनी साफ नाकारले. किल्ली दिली ती बाईंनी डोळे वटारले म्हणून.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला. पाणी कुठेतरी मुरतंय, हे नक्की. एजंट गिऱ्हाईक घेऊन यायचा तेव्हा साहेब गच्चीकडच्या जिन्यात दबा धरून बसायचे. चौसष्ट वर्षांचा माणूस, पायात मोजे घालून, आवाज नको म्हणून. दार बंद असल्याने ऐकू तर काही यायचं नाही. नंतर बाईंना खोदून खोदून विचारावं, तर त्या म्हणायच्या, मी आतल्या खोलीत असते, मला काय माहीत. हेही संशयास्पदच. जिला एरवी शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, तिला नेमकं हेच ऐकू येत नाही?

त्यात एक दातांची डॉक्टरीणबाई आणि तिचे सासरे दोनदा येऊन गेले. दुसऱ्या खेपेला साहेबांनी वरून पाहिलं, एजंटने सासऱ्यांना हात देऊन जिना उतरवला, आणि खाली दोघं चक्क हसत उभे. झालं. ही जुनी ओळख आहे, साटंलोटं आहे, घर मातीमोल किमतीला आपल्याच माणसाच्या घशात घालायचा डाव आहे. साहेब त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

तिसऱ्यांदा ती मंडळी येणार होती, त्या दिवशी त्यांनी ठरवलंच. चष्मा विसरल्याचं निमित्त करून ते अर्ध्या तासात परत आले. एजंट गिऱ्हाइकांना घेऊन गच्चीवर पाण्याची टाकी दाखवायला गेला होता. बाई आत होत्या. आणि जेवायच्या टेबलावर एजंटची वही, उघडीच.

दुसऱ्याची वही वाचू नये, हे साहेबांना कळत होतं. पण तपासणी ती तपासणी. पहिल्या पानावर बघतात तर काय, त्यांनी नाकारलेले अकराच्या अकरा नंबर. सापडला, असं ते मनात म्हणाले. मग खाली वाचायला लागले.

एजंटने प्रत्येकाला फोन करून एकच प्रश्न विचारला होता: घर का घेतलं नाहीत? आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवली होती. पहिला म्हणाला, घर आवडलं होतं, पण टाकी चार वर्षांपूर्वी गळत होती हे मालकांनी तीन वेळा सांगितलं. दुसरीबरोबर तिची आई होती, आणि मालक आईकडे बघून म्हणाले होते की या जिन्याने आमच्या मंडळींचे गुडघे खाल्ले. चौथ्याकडून खोल्यांची मापं टेपने मोजून घेऊन वर सही मागितली होती. सहावा भावाला तयार झाला, तर दुसऱ्या दिवशी मालकांनी भाव वाढवला. नववी म्हणाली, इतक्या मायेने घर दाखवत होते की त्यांच्याकडून ते काढून घ्यायची लाज वाटली.

त्याखाली एजंटने आपली कामं लिहिली होती. टाकी प्लंबरकडून तपासून घेतली, आता गळत नाही, तसा लेखी कागद घेतला. आसपासची तीन घरं कितीला गेली ते काढलं. आणि शेवटची ओळ: घरात दोष नाही. मालकांना विकायचं नाही. बाईंशी बोललो, त्यांना माहीत आहे.

साहेब वही घेऊन तडक आत गेले. बाई खुर्चीत बसल्या होत्या. हा माणूस माझ्याविषयी काय लिहितो बघ, असं ते म्हणाले, आणि नंबर याला कोणी दिले, असंही.

"मी दिले," बाई म्हणाल्या.

साहेबांनी सुरू केलं: मी पाच महिने राबलो, अकरा जणांना घर दाखवलं, आणि विकायचं नाही म्हणे मला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, मी चार-साडेचार वर्षं रोज सातला बाहेर पडत होते, तेव्हा तुम्ही या घरात दिवसभर काय करत होता, मला माहीत आहे. दाराकडे बघत बसायचात. गेले सात महिने मी घरात आहे, तर तुम्ही शीळ घालता. मी खाली गेले की वर्गात गुंतेन आणि तुम्ही पुन्हा एकटे पडाल. एवढंच आहे ना?"

साहेब पलंगाच्या काठावर बसले. चौतीस वर्षांत कितीतरी दुकानदार त्यांनी असे बसलेले पाहिले होते. ते दरवेळी म्हणायचे, साहेब, मला ठाऊकच नव्हतं, आणि साहेब दरवेळी त्यावर हसायचे. आज साहेबांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. लाज वाटली. बायकोला बावन्न पायऱ्यांवर कोंडून ठेवलं होतं, आणि वर गिऱ्हाइकांना नावं ठेवत होतो.

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही पुरावा मागितला असता."

तेवढ्यात वरून मंडळी आली. एजंटने टेबलाकडे पाहिलं, साहेबांच्या हातातल्या वहीकडे पाहिलं आणि शांतपणे ती मागून घेतली. मुद्दाम उघडी ठेवली होती की काय, हे साहेबांना आजतागायत कळलेलं नाही. तो म्हणाला, डॉक्टरीणबाईंना भाव मान्य आहे, फक्त एकदा मालकांशी बोलायचं म्हणतात.

डॉक्टरीणबाई समोर बसल्या. टाकी, पाणी, भिंती, सगळ्याचे कागद त्यांच्याकडे होते, त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"तुमच्या मनात नक्की विकायचं आहे ना? नंतर माघार नको. मागे एकदा आमच्या बाबतीत असं झालंय."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या, पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या. ही सवय मात्र साहेबांनी याआधी कधी टिपली नव्हती.

"आजपर्यंत नव्हतं," साहेब म्हणाले. "आता आहे. हिला खाली जायचंय, आणि तिकडचं घर चार दिवसांत हातचं जाईल."

एजंटने डोळे मिटून घेतले. विकणाऱ्याने आपली अडचण अशी ताटात वाढून द्यायची नसते, हे शेंबडं पोरही सांगेल. सासरे लगेच पुढे सरसावले. म्हणजे घाई तुम्हाला आहे, मग भावात थोडं खाली या की, असं त्यांचं म्हणणं पडलं.

साहेबांनी तोंड उघडलं होतं. पण एजंटने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि आयुष्यात प्रथमच काटेसाहेब मध्येच गप्प बसले.

"काका, घाई कोणाला नसते?" एजंट म्हणाला. "तुमची घाई मी अजून कोणाला सांगितलेली नाही. भाव घाईवर काढलेला नाही, शेजारच्या तीन घरांवर काढलाय. कागद तुमच्या हातात आहेत."

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं, सुनेने मान हलवली, आणि पंधरा मिनिटांत बयाण्याच्या कागदावर सह्या झाल्या. साहेबांनी कागद दोनदा वाचला, नाही असं नाही. पण टेप काही काढली नाही.

सगळे गेल्यावर साहेब बाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसले. तिकडच्या घरात पुढच्या खोलीत किती खुर्च्या मावतील, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, आठ. साहेबांना एकच गोष्ट विचारायची होती आणि तीच ओठांवर येत नव्हती.

"वर्ग सकाळी घेणार की संध्याकाळी?" शेवटी त्यांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना दया आली असणार, पण सात महिने वर अडकून राहणं फार होतं.

"दोन्ही वेळा," त्या म्हणाल्या.

"बरं," काटेसाहेब म्हणाले.