गंधकाचा पॅड

आमचे हे द्राक्षांच्या बाबतीत फार हळवे आहेत. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये ते क्वालिटी बघतात. परदेशात जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर शेवटची नजर यांची. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लागता कामा नये, त्यावरची पांढरी झाक पुसली जाता कामा नये, डोक्याला टोपी हवी, हाताला मोजे हवेत. माझ्या आजारपणात ज्या माणसाने मला एकदाही ‘दुखतंय का’ असं विचारलं नाही, तोच माणूस हातातला घास तसाच धरून मण्यांच्या फुगवणीबद्दल बोलत बसतो. मी ऐकते. वीस-बावीस वर्षं ऐकतेच आहे.

मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. मी हा शब्द उच्चारते. आमच्या घरात त्याला ‘ते’ म्हणतात. ‘ते’ झालं, ‘त्या’साठी सुट्टी काढली, ‘त्या’चा रिपोर्ट आला. शेक घेतले, म्हणजे किरणांचे उपचार, आणि ‘ते’ गेलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, यांनी पेढे वाटले. पेढे कशाबद्दल हे मात्र कुणाला सांगितलं नाही. शेजारच्यांना वाटलं, नवी गाडी घेतली.

डॉक्टर चैताली मॅडमनी मला खुर्चीवर बसवून पुढचं सांगितलं, तेव्हा हे बाहेर बाकावर मोबाईल बघत होते. मॅडम म्हणाल्या, “स्नेहलताई, शेक दिल्यावर आतली जागा कोरडी पडते, आक्रसते, चिकटत जाते. ती उघडी ठेवायची असेल तर हे वापरावं लागेल.” त्यांनी टेबलावर सिलिकॉनच्या चार कांड्या ठेवल्या. करंगळीएवढ्या जाडीपासून सुरू होणाऱ्या, चढत्या मापाच्या. “डायलेटर म्हणतात. संसारासाठी तर हवेतच, पण मला जास्त काळजी तपासणीची आहे. जागा बंद झाली तर मला आत बघता येणार नाही. आजार परत आला तरी आपल्याला उशिरा कळेल.”

म्हणजे प्रश्न लाजेचा नव्हता, माझ्या जिवाचा होता. मी वहीबिही काढली नाही, सगळं डोक्यात बसवलं. जेल पाण्याचं घ्यायचं. वासाचं नको, चवीचं नको, गरम किंवा गार वाटणारं नको. सिलिकॉनचं जेल नको, कारण कांडीही सिलिकॉनची, तिचा पृष्ठभाग खराब होतो आणि त्या खरखरीत जागी घाण धरते. घरातलं खोबरेल, तूप असलं काही लावायचं नाही. वापरून झालं की कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, स्वच्छ धुणं आणि पूर्ण कोरडं करणं. जोर लावायचा नाही. दुखलं तर थांबायचं.

जेल घ्यायला यांच्या स्कूटरवरून गेलो. “कॉलनीतल्या मेडिकलमध्ये नको,” हे म्हणाले, “तो मामांच्या गावचा आहे.” म्हणून आमच्या सिडकोतून थेट गंगापूर रोडला. तिथेही हे रस्त्याच्या पलीकडे स्कूटर चालू ठेवून उभे राहिले, हेल्मेट न काढता. दुकान लुटायला मीच आत गेले होते जणू.

दुकानदाराने माझ्याकडे न बघता स्ट्रॉबेरीच्या चित्राची ट्यूब पुढे सरकवली. मी म्हणाले, “खायचं नाहीये, भाऊ. साधं द्या. पाण्याचं, वास नसलेलं.” मग मागचं बारीक अक्षर वाचायला चष्मा लावला. तो एवढासा झाला. ट्यूब त्याने आधी वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत गुंडाळली. खोकल्याचं औषध मागणारा गृहस्थ मात्र बाटली हातात घेऊन ऐटीत बाहेर पडला. माझा राग त्या पिशवीवर जास्त होता की पलीकडच्या हेल्मेटवर, ते आता आठवत नाही.

पण एवढी तोंडाळ मी, घरी आल्यावर माझीही मान खाली गेलीच. वाळवायचं कुठे? आमचं घर दोन खोल्यांचं, गॅलरीत सासूबाईंची तुळस आणि सासूबाई स्वतः. माहेरी पाळीचे कपडे परकराखाली झाकून वाळत टाकायची रीत होती. उन्हाला दिसायचे नाहीत, पुरुषांना दिसायचे नाहीत. ओलसरच घडी व्हायचे, ओलसरच वापरले जायचे. ती रीत माझ्या हातांनी बरोबर लक्षात ठेवली होती. मी कांड्या घाईघाईत पुसायचे, स्टीलच्या डब्यात टाकायचे, झाकण गच्च लावायचे आणि डबा कपाटात साड्यांच्या मागे सारायचे.

व्हायचं तेच झालं. खाज सुटली. मॅडमनी तपासलं आणि रागावल्या. “ओल्या डब्यात कोंडल्यात ना? बुरशी आहे ही, बुरशी!” त्या दिवशी दार अर्धवट उघडं होतं. बाकावरच्या माणसाने मोबाईलमधून मान वर केली. माझ्या सगळ्या आजारात यांना ओळखीचा वाटलेला हा पहिला शब्द. बुरशी म्हणजे यांच्या घरचं माणूस. पण घरी येईपर्यंत हे काही बोलले नाहीत. पाथर्डी फाट्याला रस्ता खणलाय, एवढंच बोलले.

मी नवा संच घेतला. औषधाने बुरशी गेली. या वेळी मी कांड्या गॅलरीत, स्वच्छ पंच्यावर, उघड्यावर ठेवल्या. सासूबाई, म्हणजे नवसाबाई, माळ ओढता ओढता बघत राहिल्या. “काय गं हे?”

“औषधाचं आहे, आई. आतली जागा बंद होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलंय.”

“मंग माझ्या तुळशीपशी नको ठू. बाकी कुठं बी वाळव,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “लय दुखतं काय गं?”

मला रडूच आलं. सत्तरी उलटलेल्या, अंगठा लावणाऱ्या बाईला जे विचारता येतं, ते यांना का येत नाही?

कोरड्या झाल्यावर मी कांड्या सुती पिशवीत घालून त्याच डब्यात ठेवायचे, झाकण किलकिलं ठेवून. कधी कधी झाकण गच्च लावलेलं सापडायचं. वाटायचं, आपणच सवयीने लावलं. डब्याला वास यायचा, विझलेल्या आगकाडीसारखा. पण आमच्या कपाटाला तो वास हंगामात नेहमीच असतो, यांच्या शर्टांचा. माझ्या संसाराचाच वास तो, त्याचा संशय कोण घेणार?

आणि मग जळजळ सुरू झाली. साधी नाही, तिखट लागल्यासारखी. पाणी लागलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. मी दात आवळून थोडे दिवस ढकलले आणि शेवटी दवाखाना गाठला. मॅडमना बोटसुद्धा आत घालता आलं नाही. मी ओरडले. बाहेर ऐकू गेलं असेल, एवढ्या मोठ्याने ओरडले.

मॅडमनी यांना आत बोलावलं. हे दाराशीच उभे राहिले. “आतली त्वचा भाजल्यासारखी झालीये,” मॅडम म्हणाल्या. “कुठलं तरी केमिकल लागलंय. घरी काय वापरलं? जंतुनाशक? फिनाईल?”

“काही नाही, मॅडम,” मी म्हणाले. “तुम्ही सांगितलं तेच जेल, तोच साबण.”

“तुम्हाला काही माहीत आहे?” त्यांनी यांना विचारलं.

हे फरशीकडे बघत होते. मग म्हणाले, “तिची कायम घाई असते हो. नीट धूत नसेल.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, कारण कळल्याशिवाय मी पुन्हा सुरू करा म्हणणार नाही. आणि फार थांबलो तर जागा बंद होईल. घरी जाऊन एकेक वस्तू तपासा आणि मला फोन करा.”

घरी आल्या आल्या मी सगळं पलंगावर मांडलं. जेलची ट्यूब, साबण, पंचा, डबा. सुती पिशवी उचलली. डब्याच्या तळाला कागद होता. मी घातलेला नव्हता. कागद उचलला तर खाली पॅड. द्राक्षाच्या पेटीत घालतात तो गंधकाचा पॅड, ज्याच्या धुराने बुरशी धरत नाही. डब्याच्या मापाने गोल कापलेला, कडांना चिकटपट्टी लावून नीट बंद केलेला. असलं नेटकं काम आमच्या घरात एकच माणूस करतो.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला भरून आलं. या माणसाने कात्री घेऊन, डबा समोर ठेवून, माझ्यासाठी हे कापलं होतं. माझ्या त्या जागेचा विचार करत बसला होता. लग्नापासून वाट बघितली होती अशा एका दुपारची, आणि ती येऊन गेली होती, मला न सांगता.

“अहो, हे काय?” मी पॅड यांच्यापुढे धरला.

“बुरशी होऊ नये म्हणून.” हे खिडकीकडे वळले. “मला वाटलं, उपयोग होईल.”

“मला का नाही विचारलंत?”

“तसलं काय विचारायचं?”

“आणि दवाखान्यात? तिथे का नाही बोललात? माझ्यावर ढकललंत!”

“बाईमाणसासमोर काय बोलणार?”

मी मॅडमना फोन लावला आणि यांच्या हातात दिला. “एवढंच सांगा, पॅड मी ठेवला होता. बाकी मी बोलते.” घंटी वाजत होती. हे फोनकडे बघत राहिले, आणि मॅडमनी उचलायच्या आत यांनी तो बंद केला.

तेवढ्यात यांचा फोन वाजला. पॅकहाऊसचा रोहित. यांचा आवाज लगेच मोकळा झाला. “अरे, किती वेळा सांगितलं? ओल्या मालावर पॅड टाकायचाच नाही! ओल लागली की गॅस एकदम सुटतो, मणी जळतात. बाद झाली का अख्खी पेटी? मला विचारल्याशिवाय कुणीही पेटीत काही घालायचं नाही, कळलं? नाजूक असतं रे फळ.”

गॅलरीच्या दारात सासूबाईंची माळ थांबली होती. त्यांनी पॅडकडे बघितलं, मग लेकाकडे. हेही मग आपल्याच बोलण्यापाशी अडखळले, फोन कानाला तसाच.

मॅडमचा उलट फोन आला. हे हाताने नको नको करत होते. मी सांगितलं. कुणी ठेवला तेही सांगितलं, आणि मगाशी दाराशी कोण खोटं बोललं तेही. मॅडम म्हणाल्या, तो गॅस कांड्यांत मुरलाय, त्या टाकून द्या, जखम भरू दे, पण तपासणी आता भूल देऊनच करावी लागेल. आतलं किती चिकटलंय ते तेव्हाच कळेल. घरचं कुणी तरी सोबत हवं.

“मी येतो ना,” हे हळूच म्हणाले. “बाहेर थांबतो.”

“नको,” मी म्हणाले. “आईंना नेते. त्या आत येतील.”