पाणी न मारलेली भिंत

गिरणी बंद पडली त्या वर्षी सरकारने आमच्यासाठी काम काढलं. वस्तीचं सभागृह बांधायचं. आम्ही चाळीस माणसं हजेरीवर. इमारत उभी राहिली की हजेरी बंद, हे मुकादमाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे वीट रचायची आणि आपल्याच चुलीत पाणी ओतायचं.

शेवटी मागची भिंत राहिली. नव्या बांधकामाला रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट कच्चं राहतं. ते काम माझ्याकडे होतं. माझा थोरला भाऊ हळूच म्हणाला, "हिला पाणी मारू नकोस. तडकेल. साहेब पाडायला लावेल, पुन्हा बांधू. महिना निघेल."

"साहेबाने बघितलंच नाही तर?"

"फीत कापायला येईल ना? डोळे काय घरी ठेवून येणार आहे?"

दोन आठवडे मी रिकामी बादली घेऊन भिंतीपुढून फिरलो. साहेब आला, फीत कापली, चहा प्यायला, गेला. गिलाव्याखाली काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून हजेरी बंद.

याला एकतीस वर्षं झाली. भाऊ गेला. म्हातारपणी सभागृहातल्या रात्रवर्गात त्याच भिंतीला टेकून मी अक्षरं शिकलो. तेव्हा केसाएवढी चीर होती. आता बोट आत जातं, आणि वाळू गळते.

यंदा मुलाचा कारखाना बंद झाला. सरकारने पुन्हा काम काढलं, सभागृहाची दुरुस्ती. मुलगा गिलाव्यावर लागला. सोमवारपासून तिथे शिवणवर्ग भरणार, त्यात आमची सूनबाई. तेव्हा मी मुलाला सगळं सांगितलं आणि लिहिलेला अर्ज दाखवला. आयुष्यातला पहिलाच.

त्याने तो दोनदा वाचला. "आबा, अक्षर सुधारलंय तुमचं."

"भिंत पाडायला हवी."

"हा अर्ज दिला तर इमारतीला कुलूप लागेल. चौकशी बसेल. आमची हजेरीची यादी रद्द. बावीस घरं आहेत."

"आणि तुझी बायको बसणार तिच्याखाली."

त्याने अर्ज माझ्या हातात परत दिला. मग म्हणाला, "तिला पुढच्या रांगेत बसायला सांगतो."

"मागच्या रांगेत कोण बसेल?"

त्याने थापी उचलली. मला त्याच्या वयाचा मी दिसत होतो, रिकाम्या बादलीसकट. अर्ज मी घडी करून परत खिशात ठेवला.

संध्याकाळपर्यंत चीर बुजली. भिंत गुळगुळीत झाली. तेव्हापासून मी रोज सकाळी नळावरून बादली भरून नेतो आणि गिलाव्याला पाणी मारतो. बायका मशीन लावायला आल्या की म्हणतात, "आजोबा किती जीव लावतात."

पाणी वरच्या वर ओघळून जातं. आत काही जात नाही.

काल मागच्या रांगेतही मशिनी लागल्या.