पांढरं पाणी

"निघालं! निघालं!" असा गलका झाला आणि मांडवातली दीड-दोनशे माणसं टाचा उंचावून बघू लागली.

बघण्यासारखंच होतं ते. चौरंगावर काचेचा पेला, पेल्यात नितळ पाणी आणि पाण्यात बुडवलेला पपईच्या पानाचा पोकळ देठ. कुंडलिक त्या देठातून फुंकत होता. पाण्यात बुडबुडे उठत होते आणि बघता बघता पाणी गढूळ होत चाललं होतं. सहाव्या-सातव्या फुंकरीला ते पातळ ताकासारखं पांढरं झालं. कुंडलिकला धाप लागली, तसा त्याला त्याच्या धाकट्या भावानं, सोमनाथनं, मागून धरलं.

"बघा रे, बघा!" निर्मळनाथ महाराजांनी पेला उंच धरला. "अठरा दिवस इस्पितळात पडून होता. नाकात नळ्या, हातात सुया. निघालं का हे? नाही निघालं! डॉक्टर छाती बघतो, आम्ही छातीतलं बघतो! हा कफ नाही, बाबांनो. हा सात पिढ्यांचा दोष आहे, तो श्वासावाटे पाण्यात उतरला!"

महाराजांनी हिमालयात बारा वर्षं काढली होती म्हणे. वेल्ह्याकडच्या दिवाळीतल्या थंडीला मात्र ते कफनीखाली दोन स्वेटर घालत आणि दोन्हींच्या कॉलरी गळ्याशी दिसत. पण कॉलरी बघायला आलं होतं कोण? सगळ्यांची नजर त्या पेल्यावर. चंद्राबाईचीही. नवऱ्याच्या छातीतला रोग आपण डोळ्यांनी बघितला, या विचारानं तिला रडू फुटलं आणि तिनं हात जोडले.

"वयनी, म्या म्हनलं नव्हतं?" सोमनाथ म्हणाला. मांडवात कुंडलिकला आणायचं त्यानंच काढलं होतं.

कुंडलिकला पावसाळा सरता सरता न्यूमोनिया झाला होता. आधी साधा ताप म्हणून अंगावर काढला आणि मग एका दुपारी बोलता बोलता त्याचे ओठ काळेनिळे पडले. पुण्याच्या दवाखान्यात अठरा दिवस ऑक्सिजनवर होता. वसुबारसेच्या आदल्या दिवशी घरी आला तेव्हा त्याची हाडं मोजता येत होती. पण आला, जिवंत आला. सोबत औषधांची पिशवी आली, तोंडात मारायचा पंप आला आणि तीन गोळ्यांचं एक प्लॅस्टिकचं यंत्र आलं. नळीतून श्वास ओढायचा, की आतल्या गोळ्या वर उचलल्या जातात. "रोज करायचं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "धूर नको, धूळ नको. आणि या पिशवीतल्या खायच्या गोळ्या हळूहळू कमी करायच्यात, कधी ते आम्ही सांगू. एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल."

वसुबारसेला यंत्रातली एक गोळी जेमतेम हलली. लक्ष्मीपूजनाला ती वर गेली. भाऊबीजेला दुसरी उचलली, तेव्हा कुंडलिक लहान पोरासारखा हसला. चंद्राबाई चुलीवरचा स्वयंपाक मागच्या पडवीत करायची, धूर घरात येऊ नये म्हणून. माणूस बरा होत होता. धीमा, पण बरा होत होता.

धीमेपणच त्याला सोसेना. या डोंगरात भात काढायचं ते सावडीनं. आज माझ्या खाचरात तुम्ही दहा जण राबायचं, उद्या तुमच्या खाचरात मी. कुंडलिक दवाखान्यात होता तेव्हा वस्तीतल्या नऊ घरांनी त्याचं लवकर येणारं हळवं भात कापलं, झोडलं, कणगीत नेऊन ओतलं. आता दिवाळी सरली होती आणि त्या नऊ घरांची उशिरा येणारी गरवी भातं पिवळी होऊन उभी होती. कुणी एका शब्दानं त्याला काही म्हणालं नाही. उलट, "कुंडलिकदा, तुमी उनाला बसा," असंच सगळे म्हणत.

"लोकं माझ्या खाचरात वाकली आन म्या हितं गोळ्या उचलत बसू?" तो चंद्राबाईला म्हणे. "त्यापेक्षा मेल्यालं बरं, चंद्रे."

बुडत्याला काडीचा आधार. सोमनाथनं महाराजांचं नाव काढलं आणि कुंडलिक त्याच्या आधी टेम्पोत जाऊन बसला.

महाराजांनी सांगितल्याप्रमाणे चंद्राबाईनं ते पांढरं पाणी उंबराच्या मुळाशी ओतलं आणि ती मागे न बघता परतली. महाराजांनी दुसरी आज्ञा केली.

"दोष सुटतोय. आता देवाच्या पाण्याला गोळ्यांची सावली नको. औषधांची पिशवी घराच्या आड्याला टांगा. पुढच्या गुरुवारी पाणी नितळ राहिलं, की समजा सुटका झाली."

हे करावं का, असं विचारायला वस्तीत एकच माणूस होता, शाळेचे आनंदराव गुरुजी. पण शाळेला दिवाळीची सुट्टी आणि गुरुजी आपल्या गावी बारामतीकडे. चंद्राबाई शाळेपर्यंत गेली, कुलूप बघून माघारी आली. मग स्टुलावर चढून तिनं स्वतःच्या हातानं पिशवी आड्याला बांधली. गोळ्या, पंप, यंत्र, सगळं.

पुढच्या गुरुवारी कुंडलिकनं फुंकलं. दहा फुंकरा झाल्या, पंधरा झाल्या. पाणी होतं तसं नितळ. मांडवात जयजयकार झाला. कुणीतरी कुंडलिकला खांद्यावर घेऊ बघत होतं, पण कुंडलिकला तेवढंही सोसत नव्हतं. मागच्या गुरुवारपेक्षा तो जास्त धापत होता, हे चंद्राबाईला दिसलं होतं. पण पाण्यापुढं धाप कोण बघतो?

शनिवारी तो शेजारच्या खळ्यावर भात झोडायला उभा राहिला. पेंढी उगारायची, फळीवर आपटायची, आणि दर आपटण्यासरशी कुसाची धूळ उडायची. चंद्राबाईनं "आवं, नगा," म्हणून बघितलं. तो म्हणाला, "पानी नितळ निगालं का न्हाई?" आणि त्यानं पुढची पेंढी उगारली. रविवारी त्याचा आवाज बसला. सोमवारी सकाळी छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. आड्याची पिशवी ओरबाडून काढली, पंप मारला, सोमनाथनं टेम्पो असा पळवला की वळणावर माणसं शिव्या देत बाजूला झाली. नसरापूरच्या अलीकडे कुंडलिकनं चंद्राबाईच्या मांडीवर डोळे फिरवले.

बावन्न वर्षांचा माणूस. दवाखान्यातून मरण चुकवून घरी आलेला माणूस. सुगीभर उन्हाला बसला असता, तर पुढच्या साली चार खळी झोडली असती.

महाराजांनी निरोप धाडला: मनात किंतु असणार, म्हणून दोष उलटला. चंद्राबाईनं तो निरोपही खरा मानला. मी शाळेपर्यंत गेले होते, तोच माझा किंतु, असं तिला वाटलं. दहावं झालं, तेरावं झालं. ती जेवायला बसायची आणि घास हातात घेऊन तशीच राहायची.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी शेजारची वैष्णवी आली. बाळंतपणाला माहेरी आलेली, आता पोर आठ महिन्यांचं झालं होतं.

"काकी, ह्येला दात येत्यात. आई म्हनली, तुमच्या हातची चुन्याची निवळी मागून आन. आन छाती बी घरघरतीया ह्येची. गुरवारी महाराजांकडं नेनार हाय."

महाराजांचं नाव ऐकलं आणि चंद्राबाई चुन्याची डबी शोधायला उठली. निवळी ती सासूकडून शिकली होती. खायचा चुना पाण्यात कालवायचा, भांडं झाकून रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद बाटलीत ओतायचं आणि लगेच घट्ट बूच लावायचं. निवळीला वारा लागला की साय धरते, असं सासू सांगायची. चंद्राबाईनं बाटली भरली. थोडं पाणी उरलं ते वाटीत तसंच उघडं राहिलं, कारण हल्ली तिचं कशातच ध्यान नसायचं.

दुपारी ती वाटी घासायला घेतली, तर पाण्यावर पांढरी पापडी धरली होती. चंद्राबाई बघतच राहिली. ज्या पेल्यातलं पाणी तिनं उंबराच्या मुळाशी ओतलं होतं, त्यालाही वाळल्यावर आतून असाच पांढरा थर बसला होता. तो तिनं चिंचेनं घासून काढला होता.

ती उठली. परसातल्या पपईचा एक देठ मोडला, बाटलीतली निवळी पेल्यात ओतली आणि फुंकलं. एक, दोन, चार. पाणी गढूळलं. सातव्या फुंकरीला ताक.

चंद्राबाईला उभ्या जन्मात खोकला म्हणून कधी दवाखान्याची पायरी चढावी लागली नव्हती. तिच्या छातीतून कुठला दोष उतरला? राग नंतर आला. आधी ती परसात, पपईच्या बुंध्याशी, मोठ्यानं रडली.

शाळा आता उघडली होती; चंद्राबाईनं पेला आणि बाटली नेऊन गुरुजींना सगळं सांगितलं. गुरुजींनी पेला बघितला, बाटली हुंगली आणि तिला समोर बसवलं.

"चंद्राबाई, हा प्रयोग मी सातवीच्या पोरांकडून दर साली करून घेतो. आपण जो श्वास बाहेर सोडतो, त्यात कार्बन डायऑक्साईड नावाचा वायू असतो. तो चुन्याच्या निवळीत मिसळला की पांढरा साका तयार होतो. हवेतही तो थोडा असतो, म्हणून तुमच्या वाटीवर साय धरली."

"कुनाच्या बी सासानं व्हतं?"

"कुणाच्याही. जो श्वास घेतो त्याच्या."

"आन मंग दुसऱ्या गुरवारी?"

"साधं पाणी दिलं असेल. त्याच्याकडं भांडी किती?"

दोन. चंद्राबाईला लख्ख आठवलं. उजवीकडे तांब्याचा हंडा, कायम झाकलेला. डावीकडे पितळेचा, उघडा. पहिल्यांदा आलेल्याला उजवीकडचं पाणी, सुटका व्हायची त्याला डावीकडचं.

"मी इथं असतो तर..." गुरुजी म्हणाले आणि त्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं.

गुरुवारी मांडव पुन्हा भरला होता. पुढच्या रांगेत वैष्णवी, मांडीवर पोर. चंद्राबाई, सोमनाथ आणि गुरुजी चौरंगापुढं जाऊन उभे राहिले. चंद्राबाईनं सोमनाथला सगळं सांगितलं होतं.

"महाराज, माझ्या दिराची छाती बगा," चंद्राबाई म्हणाली. "त्येला काय बी झाल्यालं न्हाई. उजव्या हंड्यातलं पानी द्या."

महाराजांनी एका क्षणात ओळखलं. चोराच्या उलट्या बोंबा! "ही बाई नवऱ्याला खाऊन आलीय! हिच्या सावलीनं तीर्थ बाटलं. उठवा हिला!"

कुणी उठवायच्या आत सोमनाथनं हंड्यावरचं फडकं ओढलं, पेला बुचकळला आणि देठ तोंडात धरला. पोत्याचं ओझं घेऊन गुंजवण्याचा चढ एका दमात चढणारा गडी तो. त्याच्या पाचव्या फुंकरीलाच पाणी दुधाळ झालं. मागची माणसं पुढं सरकली. मग गुरुजींनी पाटलांना फुंकायला लावलं, एका बारा वर्षांच्या पोरीला फुंकायला लावलं, शेवटी महाराजांच्याच शिष्याच्या हातात देठ दिला. सगळे पेले पांढरे. पितळेच्या हंड्यातला पेला मात्र कुणीही फुंकला तरी नितळच.

"ह्यात चुन्याची निवळी आहे, त्यात साधं पाणी," गुरुजी मोठ्यानं म्हणाले. "बास, एवढाच चमत्कार. तुमची पोरं सातवीत शिकतात तो."

"श्रद्धा नाही त्यांना फळ नाही!" महाराज ओरडले, पण बोलता बोलता त्यांची नजर मांडवाबाहेरच्या जीपकडं गेली आणि ती सगळ्यांनी बघितली. चार तरण्यांनी जीपची वाट अडवली. गुरुजींनी पोलीस ठाण्याला फोन लावला.

सोमनाथ पेला हातात धरून तसाच उभा होता. "म्या नेलं दादाला," एवढंच तो म्हणत होता. "म्या नेलं."

चंद्राबाईनं त्याच्या हातातला पेला घेतला. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मागच्या माणसांपर्यंत पोचला.

"ह्यो दोष न्हाई, बाबांनू. ह्यो सास हाय. आपन सोडतो त्यो. त्या दिशी ह्येंचं पानी पांडरं झालं, म्हंजी त्येंची छाती चालत हुती. बरी व्हत हुती. दोन गोळ्या उचलायला लागली हुती. आन म्या त्येंच्या जित्या सासाला रोग समजले, उंबराखाली ओतून आले. औशदाची पिशवी म्या ह्या हातानं आड्याला टांगली. दुसऱ्या कुनी न्हाई."

तिनं पेला चौरंगावर ठेवला.

"तुमी टांगू नका. छाती घरघरली तर दवाखान्यात जावा. डाक्टर सांगत न्हाई तवर गोळी सोडू नका. बरं व्हायला दिस लागत्यात, लागू द्या. सावड कुटं पळून जात न्हाई. आन कुनी चमत्कार दावला, तर त्येला म्हना, आदी चांगल्या मानसावर करून दाव."

पुढच्या रांगेतली वैष्णवी उठली. तिनं पोराची कुंची घट्ट केली.

"सोमाकाका, टेम्पो काढता? येल्ह्याच्या दवाखान्यात जायाचं हाय. काकी, तुमी बी चला."

चंद्राबाई तिच्याशेजारी बसली. पोर तिच्याच मांडीवर आलं. तिनं त्याच्या इवल्या पाठीवर हात ठेवला. आत घरघर होती, पण पाठ वर होत होती, खाली जात होती. वेल्हे येईपर्यंत चंद्राबाईनं हात काढला नाही.